टोपीतलं गाऱ्हाणं

संचिता बाईंच्या तोंडून ‘हो’ ऐकलेला माणूस अजून जन्माला यायचा होता. काहीही विचारा, उत्तर एकच, ‘बघू.’ बाई, चहा घेणार? बघू. बाई, माझा प्रयोग बरोबर आहे ना? बघू. उभा जन्म मेंदूच्या अभ्यासात घालवलेली बाई, पण स्वतःच्या एवढ्या मोठ्या मेंदूत होकाराला म्हणून कुठं जागा ठेवली नव्हती. आणि गौरजाचं पुढचं सगळं आता ह्याच बाईंच्या एका ‘हो’वर येऊन अडलं होतं.

त्याचं असं झालं. पुण्याच्या एका संशोधन संस्थेनं मेंदूवर नव्यानं काम करू पाहणाऱ्या पोरापोरींसाठी आचऱ्याला, खाडीच्या काठी, निवासी शिबिर भरवलं. संचिता बाई त्याच्या प्रमुख. शिबिराची कल्पना सरळ होती आणि छळवादी होती. एका गटात एकाच विषयाची दोन माणसं ठेवायची नाहीत. मशीनवाले इंजिनिअर, उंदरांच्या मेंदूत डोकावणारे जीवशास्त्रवाले, माणसांशी गोड बोलून त्यांच्या मनातलं काढणारे मानसशास्त्रवाले, सगळे मिसळायचे आणि म्हणायचं, करा आता एकत्र संसार. शेवटच्या दिवशी प्रत्येक गटानं आपला प्रयोग सगळ्यांपुढे मांडायचा. त्यातही बाईंची एक मेख होती. आपला भाग आपण मांडायचाच नाही, गटातल्या दुसऱ्याचा मांडायचा. बाई ह्याला ‘उलटी खुर्ची’ म्हणत. ज्या गटाचं काम बाईंना पटेल, त्या गटाला संस्थेत दोन वर्षं संशोधनाची जागा.

गौरजाला ती जागा हवी होती. नुसती हवी नव्हती, त्या जागेच्या विचारानं तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. मानसशास्त्रात एम. ए. करून ती वैभववाडीला तासिका तत्त्वावर शिकवत होती. तासिका तत्त्व म्हणजे काय, तर तास आहे तोवर मॅडम, तास संपला की कोण तुम्ही? तिला मेंदूचं काम करायचं होतं, आणि आचऱ्याच्या पोरीला त्या कामात शिरायला दुसरं दार दिसत नव्हतं.

तिच्या गटात केयूर होता, पुण्याचा इंजिनिअर. ह्याला माणूस दिसला की आधी त्याच्यातली वायर दिसायची. आणि ओवी होती, नागपूरची, उंदरांवाली. ओवी उंदरांशी तासन्‌तास बोलायची, पण समोर माणूस आला की तिची जीभ टाळूला चिकटायची. पहिले काही दिवस तिघांचं एकमेकांशी एक वाक्य जुळेल तर शपथ. गौरजा म्हणायची ‘भावना’, केयूर म्हणायचा ‘सिग्नल’, ओवी म्हणायची ‘पेशी’, आणि तिघंही आपापल्या जागी बरोबर असल्यामुळं भांडण काही मिटायचं नाही. शेवटी कोळंबीच्या कालवणावर तह झाला. जेवताना कुणी आपल्या विषयातला शब्द वापरला तर त्यानं आपली सोलकढी दुसऱ्याला द्यायची. केयूरला दोन दिवस सोलकढी मिळाली नाही, मग तो माणसासारखं बोलायला लागला.

प्रयोगाची कल्पना गौरजाची. गावातल्या लोकांच्या डोक्यावर मेंदूच्या लहरी मोजणारी ती तारांची टोपी चढवायची, त्यांना मालवणीत एक गोष्ट ऐकवायची, आणि बघायचं, आपल्या बोलीतली गोष्ट ऐकताना मेंदूत काय होतं. तीच गोष्ट शिबिरातल्या बाहेरगावच्या पोरांनाही ऐकवायची. आता गोष्टीला आवाज कुणाचा? तो तर घरातच होता.

गौरजाचे बाबा, सत्यवान मास्तर, जामसंड्याला शाळेत शिकवून निवृत्त झालेले. आचऱ्यात मात्र त्यांना लोक ओळखत ते गाऱ्हाण्यासाठी. गावात काहीही शुभ काम निघालं की देवळात देवापुढं गावाचं मागणं मांडायचं, ते बाबांनी. बाबा एकेक वाक्य आवाज चढवत नेत, टोकाला नेऊन थांबत, आणि त्या थांब्यात सगळं देऊळ एका आवाजात म्हणे, ‘व्हय म्हाराजा!’ गौरजा लहान असताना हे सगळ्यांत मोठ्यानं म्हणायची. कॉलेजात गेली, चार पुस्तकं वाचली, आणि एके वर्षी देवळात तोंड मिटून उभी राहिली. ‘बाबा, ही नुसती सवय आसा,’ म्हणाली, ‘मी नाय म्हणूचंय.’ त्या दिवशी घरी केलेल्या घावन्यांतला एकही बाबांनी खाल्ला नाही, आणि ते गौरजाच्या मनात कुठंतरी राहून गेलं होतं.

तर बाबांनी हरवलेल्या होडीची गोष्ट सांगितली, केयूरनं ती ध्वनिमुद्रित केली, आणि गावातली मंडळी एकेक करून टोपीखाली बसली. ओवीला लोकांना सूचना द्यायचं काम दिलं होतं. ती बिचारी इतकी घाबरलेली, की तिनं एकच वाक्य पाठ केलं आणि तेच दरडावल्यासारखं सगळ्यांना ऐकवलं. ‘तोंडातून आवाज काढायचा नाही. काढलात तर मशीन बिघडेल.’

मथुराकाकी टोपी घालून घेताना म्हणाली, ‘गो गौरू, ह्या काय थंड थंड लावतस डोक्याक? खोबऱ्याचा तेल नाय मिळाला काय तुका?’

‘काकी, गप रव. मशीन ऐकता.’

‘मशीन ऐकता? मगे बोलाकच नको बाय,’ असं म्हणून काकी जी गप्प झाली, ती गोष्ट संपेपर्यंत दगडासारखी बसून राहिली. मथुराकाकी एवढा वेळ गप्प बसलेली आचऱ्यानं पहिल्यांदाच पाहिली.

आणि पडद्यावर काय आलं म्हणता! गावातल्या प्रत्येकाच्या डोक्यात, प्रत्येक वाक्याच्या शेवटी, लहरींचा भडका उडत होता. वाक्य संपलं की भडका, वाक्य संपलं की भडका. बाहेरगावच्या पोरांच्या रेषा मात्र शांत, काही नाही. गौरजा अक्षरशः नाचली. ‘बघा, आपली बोली ऐकली की मेंदू आतून दाद देतो!’ शिबिरभर बातमी झाली. संचिता बाई स्वतः आल्या, चष्मा वर सारून पडद्याकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘बघू. बघू.’

बाई गेल्यावर केयूर कुजबुजला, ‘दोनदा म्हणाल्या! दोन बघू म्हणजे जवळपास एक हो.’

बाबांनी तर गावात तोरण बांधायचंच बाकी ठेवलं होतं. माझो आवाज ऐकलो की लोकांच्या डोक्यात उजेड पडता, असं ते तिठ्यावर भेटेल त्याला सांगत सुटले.

मांडणीच्या आदल्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर गौरजा पडवीत लॅपटॉप घेऊन बसली. उलट्या खुर्चीत तिच्या वाट्याला केयूरचा भाग आला होता, मशीन आणि लहरी. नको असलेल्या लहरी गाळून टाकतात त्याला केयूर फिल्टर म्हणायचा, गौरजा गाळणी म्हणायची. उद्या चारचौघांत तोंडघशी पडायला नको म्हणून ती गाळण्याआधीच्या कच्च्या रेषा बघत होती. बघता बघता तिच्या लक्षात आलं की भडका सगळ्या डोक्यावर सारखा नाही. दोन्ही कानशिलांपाशी सगळ्यांत जास्त. आणि रेषा कशी, तर खरवडल्यासारखी. केयूरनं पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, कुणी दात आवळले की कानशिलापाशी नेमकं असंच दिसतं. तो मेंदू नसतो, जबड्याचा स्नायू असतो.

पण सगळं गाव एकाच वेळी दात कशाला आवळेल? गौरजानं इयरफोन कानात घालून बाबांची गोष्ट पुन्हा लावली. ‘...आणि होडी काय परत इली नाय...’ बाबांचा आवाज चढत चढत टोकाला गेला आणि थांबला. होडीची गोष्ट कसली, माइक समोर आला आणि बाबांनी सवयीनं देवळातलाच ठेका धरला होता! त्या थांब्यात गौरजाला आपोआप सगळं देऊळ आठवलं. गावातल्या प्रत्येक माणसाच्या तोंडाशी त्या जागी ‘व्हय म्हाराजा’ आलं होतं. आणि प्रत्येकानं ते दात आवळून आत दाबलं होतं, कारण ओवीचं मशीन बिघडणार होतं.

‘मेले,’ गौरजा म्हणाली.

तिनं दोघांना बोलावून सांगितलं तेव्हा केयूरचा चेहरा आधी पांढरा झाला आणि मग लाल. गौरजाला वाटलं, आता हा ओरडणार. पण तो कठड्यावर बसला आणि म्हणाला, ‘गाळणी घट्ट केली की तुझा भडका जात होता. मला वाटलं, माझीच गाळणी चुकतेय. तू एवढी नाचत होतीस, मग मी ती जरा सैल केली.’

‘मला विचारायचं होतंस!’

‘तू सांगितलंस का मला, बाबा देवळात काय करतात ते?’

‘आणि मी त्यांना गप्प बसायला सांगितलं,’ ओवी रडवेली होऊन म्हणाली. ‘उंदीर बरे ग. ते व्हय म्हाराजा म्हणत नाहीत.’

ह्यावर खरं तर तिघांनी रडायला हवं होतं, पण केयूरला हसू फुटलं आणि मग तिघंही पोट धरून हसली. हसून झाल्यावर केयूरनं लॅपटॉप पुढं ओढला. उद्या जुनीच मांडणी केली तर कुणालाही कळणार नव्हतं. बाईंनी दोनदा बघू म्हटलं होतं. हे तिघांच्याही मनात आलं आणि तिघांनीही एकमेकांकडं बघायचं टाळलं. मग ओवी उठली. उलट्या खुर्चीत तिच्या वाट्याला गौरजाचा भाग आला होता, माणसं. ‘मी मथुराकाकींना विचारून येते,’ ती म्हणाली आणि चपला घालून खरंच निघाली.

संध्याकाळी गौरजा घरी गेली. बाबा अंगणात माडाची झावळं ओढून एका बाजूला करत होते.

‘बाबा, तुमच्या आवाजान डोक्यात उजेड पडाक नाय,’ ती म्हणाली आणि सगळं सांगितलं. सांगता सांगता तिचे डोळे भरून आले. ‘उद्या ह्या सांगलंय तर जागा गेली. माका ती जागा व्हयी होती ओ बाबा.’

बाबांनी झावळ खाली ठेवलं. ‘आणि नाय सांगलस तर?’

‘मिळात.’

‘मगे त्या जागेर बसान तुका जेवण जातला?’

गौरजानं नाही अशी मान हलवली. बाबा मिशीत हसले. ‘म्हणजे लोकांनी दात आवळल्यानी, पण मनात म्हणले तर खरे. तुझ्यासारखे नाय ते, तोंड मिटून गप उभे रवणारे.’

हा टोला बरोबर बसला. शिबिरावर परत जाताना गौरजानं बाबांना सकाळी लवकर यायला सांगितलं.

मांडणीला सभागृह गच्च भरलं. ज्यांची डोकी मोजली त्यांना आधी उत्तर सांगायचं, असा बाईंचा नियम, म्हणून गावातली मंडळीही आली होती. बाबा पुढच्या रांगेत, धोतराला कडक इस्त्री. संचिता बाई कडेला, हातात पेन.

आधी गौरजा उभी राहिली. तिनं भडक्याच्या रेषा दाखवल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग ती म्हणाली, ‘टाळ्या परत घ्या. हा मेंदू नाही. हा जबडा आहे.’ आणि गाळणी घट्ट करून सगळ्यांदेखत तिनं भडका घालवून दाखवला. मागच्या बाकावर कुणीतरी ‘अरेरे’ म्हणालं. गाळणी सैल कशी राहिली, आवाज कुणाचा निवडला, सगळं तिनं सांगितलं.

मग ओवी आली. तिनं मथुराकाकीचं बोलणं जसंच्या तसं, काकीच्या हेलासकट, म्हणून दाखवलं. ‘सत्यवानाचो आवाज इलो की तोंडात येताच गो! पण तू सांगलंस मशीन बिघडता. दात असे आवळलंय की रात्री भाकरी चावाक येय ना!’ सभागृह हसून लोळलं, आणि काकी उभी राहून सगळ्यांना म्हणाली, ‘खरा सांगता चेडू!’

केयूरच्या वाट्याला ओवीचा भाग होता, पेशी आणि नसा. ‘मला आठवड्यापूर्वी नस म्हणजे काय हे माहीत नव्हतं,’ तो म्हणाला, ‘म्हणून मी मूर्खासारखा एक प्रश्न ओवीला विचारला. जबड्याला दात आवळ हे सांगतं कोण? ती म्हणाली, मेंदूच की. मग आम्ही दोघांनी पुन्हा बघितलं.’ त्यानं गाळण्याआधीची एक रेष मोठी केली. ‘हा बाबांचा आवाज थांबला. आणि हा जबडा. जबडा आधी सुरू झालाय. थोडाच, पण प्रत्येकाचा. बाबा कुठं थांबणार हे गावाला बाबा थांबायच्या आधी ठाऊक आहे. आम्ही शोधलं ते चुकीचं निघालं. हे आम्ही शोधत नव्हतो, पण हे खरं आहे असं वाटतंय.’

सभागृहात चुळबुळ झाली. संचिता बाईंनी पेन खाली ठेवलं.

‘एक शंका आहे,’ त्या म्हणाल्या. ‘ही सगळी मंडळी अजूनही देवळात म्हणतात. म्हणजे ताजी सवय. ज्यानं म्हणायचं सोडून दिलंय, त्याचं काय?’

‘मी सोडलंय, बाई,’ गौरजा म्हणाली. ‘कॉलेजात गेल्यापासून नाही म्हटलेलं.’

‘मग घाल टोपी.’

टोपी चढली. तारा जोडल्या, गाळणी काढून टाकली. मागच्या पडद्यावर गौरजाची रेष सरळ, शांत धावायला लागली. केयूरनं गोष्ट लावायला हात पुढं केला, तर बाबा उठून उभे राहिले. ‘मशीनीतलो कित्याक? मी जितो आसंय मां,’ असं म्हणून ते पुढं आले, डोळे मिटले आणि हात जोडले.

‘बा देवा म्हाराजा, आज ही शिकलीसवरलेली पोरां तुझ्या गावात जमलेली आसत, म्हाराजा...’

बाबांचा आवाज टोकाला जाऊन थांबला. ‘व्हय म्हाराजा!’ गावची मंडळी गरजली. गौरजानं ओठ घट्ट मिटले होते. पण मागं पडद्यावर तिची रेष ताडकन उडाली होती, गावाचा आवाज निघायच्या आधी. लोकांनी पाहिलं, बोटं दाखवली, हसू पसरलं. गौरजानं मान वळवून बघितलं आणि तिला कानापर्यंत लाज वाटली.

‘चुकली असतली काय तर सांभाळून घे, आणि आपली चूक आपणच सांगली ती खरी म्हणान घे, म्हाराजा...’

‘व्हय म्हाराजा!’ पुन्हा रेष उडाली. बाबांनी एक डोळा उघडून पडद्याकडं पाहिलं आणि पुन्हा मिटला. त्यांच्या मिशा थरथरत होत्या. हसण्यानं की कशानं, ते गौरजाला कळेना.

‘आणि ह्या तिघांका जी जागा व्हयी आसा, ती तेंका मिळान दे, म्हाराजा...’

बाबा थांबले.

आणि कुणी बोललंच नाही. गावाच्या तोंडाशी आलेलं होतं, पण ते संचिता बाईंच्या अधिकारातलं मागणं. बाई समोर बसलेल्या, आपण कसं म्हणायचं? सगळ्यांनी दात आवळले. पडद्यावर एकट्या गौरजाची रेष फडफडत राहिली. केयूरनं डोळे झाकून घेतले.

‘व्हय म्हाराजा!’

आवाज बाईमाणसाचा होता, एकटा आणि खणखणीत. सगळ्या माना कडेला वळल्या. संचिता बाई तोंडावर हात ठेवून बसल्या होत्या. आपल्या तोंडून काय गेलं ह्यावर त्यांचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता.

‘बाई!’ ओवी किंचाळली. ‘तुम्ही हो म्हणालात!’

‘माझं माहेर कणकवलीकडचं,’ बाई चष्मा पुसत म्हणाल्या. ‘आजोबा घालायचे गाऱ्हाणं. किती वर्षांनी ऐकलं.’ मग त्यांनी आवाज थोडा कडक करून बघितला, पण तो काही होईना. ‘आणि हे सवयीनं गेलेलं नाही, कळलं? तिनं गाळणी घट्ट केली तेव्हाच माझं ठरलं होतं. सत्यवान मास्तर, पुन्हा म्हणा. ह्या वेळी सगळ्यांनी.’

बाबांनी पुन्हा हात जोडले. पुन्हा मागणं चढवत नेलं, टोकाला नेलं, थांबले. सभागृह एका आवाजात फुटलं. पुण्याची पोरं, नागपूरची ओवी, मथुराकाकी, संचिता बाई, आणि ह्या सगळ्यांच्या वर, लहानपणी असायचा तसा, गौरजाचा आवाज. बाबांनी डोळे उघडून लेकीकडं पाहिलं.

पडद्यावरची रेष वरच्या कडेला आपटून दिसेनाशी झाली आणि केयूर धावत आला. ‘अगं हळू! मशीन माझ्या नावावर आणलंय!’